साडी गेली, पैसेही गेले : चार्जबॅकच्या व्यवस्थेत छोटा विक्रेता

येवल्यातलं एक विणकर कुटुंब डोळ्यांसमोर आणा. न्यू जर्सीतल्या एका बाईंनी त्यांच्याकडून वीस हजार रुपयांची पैठणी मागवली. पैसे क्रेडिट कार्डाने आले. साडी कुरिअरने गेली, पोचल्याची नोंदही झाली. दोन महिन्यांनी पेमेंट गेटवेकडून इंग्रजीत एक ईमेल आला : कार्डधारकाने व्यवहारावर आक्षेप घेतला आहे, रक्कम तुमच्या सेटलमेंटमधून कापली आहे, पुरावे असतील तर दिलेल्या तारखेच्या आत पाठवा. कारणाच्या रकान्यात एक आकडा होता : १३.३. व्हिसाच्या भाषेत त्याचा अर्थ ‘माल वर्णनाप्रमाणे नाही’. साडी न्यू जर्सीतच राहिली आणि पैसे येवल्यातून परत गेले.

हे उदाहरण मी रचलेलं आहे, पण त्यातली प्रत्येक पायरी कार्डाच्या चालू नियमांतली आहे. या साडीवर सगळा खर्च धरून सतरा हजार रुपये लागले आणि तीन हजार सुटणार होते, असं समजू. मग बुडालेले सतरा हजार भरून काढायला आणखी सहा साड्या विकाव्या लागतील. हातमागावरची साधी पैठणी विणायलाही आठवडे जातात. म्हणजे एका तक्रारीने एका मागाचे कित्येक महिने खाल्ले. त्यावर चार्जबॅकची, म्हणजे तक्रारीवरून पैसे असे उलटे फिरवण्याच्या प्रक्रियेची, फी वेगळी.

ग्राहकाला पैसे परत मागण्याचा हक्क असलाच पाहिजे. त्या हक्कामुळेच अनोळखी माणसाला पैसे पाठवायची हिंमत लोकांना होते आणि येवल्याची साडी न्यू जर्सीला विकली जाते. प्रश्न असा आहे, की हा हक्क खोटेपणाने वापरला गेला तर विक्रेत्याचं म्हणणं कोण ऐकतं, कधी ऐकतं आणि किती ऐकतं.

नियम कुणासाठी झाला

अमेरिकेत १९७४ साली ‘फेअर क्रेडिट बिलिंग अ‍ॅक्ट’ झाला. तेव्हा क्रेडिट कार्ड नवं होतं. बिलात चूक निघाली की ग्राहक बँकेच्या फेऱ्या मारून थकत असे. या कायद्याने त्याला साठ दिवसांत लेखी हरकत घेण्याचा आणि चौकशी होईपर्यंत वादातली रक्कम न भरण्याचा हक्क दिला. निकृष्ट मालाबद्दलही त्यात तरतूद होती. तिथे मात्र एक अट घातली होती : व्यवहार ग्राहकाच्या स्वतःच्या राज्यात किंवा त्याच्या पत्त्यापासून शंभर मैलांच्या आत झालेला हवा. कायदा करणाऱ्यांच्या मनात गावातलं किंवा शेजारच्या शहरातलं दुकान होतं, हे या अटीवरून कळतं. अशा दुकानात ग्राहक पुन्हा जाऊ शकतो आणि वस्तू काउंटरवर ठेवून वाद घालू शकतो. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ‘कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्ट’ आला. त्याचं ७५वं कलम आज शंभर पौंडांच्या वरच्या आणि तीस हजार पौंडांपर्यंतच्या खरेदीसाठी कार्ड कंपनीला विक्रेत्याच्या जोडीने जबाबदार धरतं.

व्हिसा, मास्टरकार्ड या कार्ड नेटवर्कांनी पुढे आपापल्या नियमावल्यांत चार्जबॅकची चौकट उभी केली. ती कायद्याहून रुंद आहे. तिच्यात शंभर मैलांची अट नाही आणि मुदतही बहुतेक प्रकारांत १२० दिवसांपर्यंत जाते. ग्राहक दुबळा आणि व्यापारी सबळ, हे जुनं गृहीतक मात्र तसंच राहिलं. आज ‘व्यापारी’ या शब्दात विमान कंपनी बसते आणि घरच्या घरी दागिने ओवून विकणारी बाईही बसते. दोघींना नियम एकच.

पैसा परत जाण्याची वाट

कार्डाच्या व्यवहारात चार पक्ष असतात : ग्राहक, त्याला कार्ड देणारी बँक, विक्रेत्याचे पैसे स्वीकारणारी बँक आणि विक्रेता. छोट्या विक्रेत्याच्या बाबतीत मध्ये पेमेंट गेटवेही असतो. ग्राहक आपल्या बँकेकडे तक्रार करतो. बँकेला ती ग्राह्य वाटली की ती नेटवर्कमार्फत विक्रेत्याच्या बँकेकडून रक्कम मागून घेते. ती बँक गेटवेकडून घेते आणि गेटवे विक्रेत्याच्या सेटलमेंटमधून कापतो. विक्रेत्याला बहुधा कळतं तेव्हा पैसे गेलेले असतात. मग त्याने ठरलेल्या मुदतीत पुरावे द्यायचे. ते पुरे आहेत की नाहीत, हे आधी ग्राहकाचीच बँक बघते. ती अडून राहिली तर शेवटी नेटवर्कची लवादी असते, पण तिथे हरणाऱ्याला शेकडो डॉलरची फी पडते. वीस हजारांच्या साडीसाठी कुणी तिथवर जात नाही.

भुर्दंड इथेच थांबत नाही. विक्रेत्याच्या एकूण व्यवहारांत तक्रारींचं प्रमाण किती, यावर नेटवर्क आणि गेटवे लक्ष ठेवतात. विक्रेता केस जिंकला तरी ती तक्रार मोजली जाते. प्रमाण वाढलं की गेटवे पैसे रोखून ठेवतो किंवा खातंच बंद करतो. महिन्याला पन्नास ऑर्डर असणाऱ्याचं प्रमाण दोन तक्रारींतच चार टक्क्यांवर जातं. मोठ्या दुकानाच्या पुस्तकात त्या दोन तक्रारी दिसतही नाहीत.

तक्रारींच्या तीन जाती

पहिली जात खऱ्या चोरीची. कार्डाचा नंबर तिसऱ्याच माणसाने वापरला आणि कार्डधारकाला पत्ताच नाही. इथे ग्राहक आणि विक्रेता दोघेही नाडलेले असतात. दुसरी जात विक्रेत्याच्या चुकीची. माल उशिरा गेला, चुकीचा गेला, रिफंड कबूल करून पाठवलाच नाही. अशा तक्रारींवर विक्रेत्याने रागावण्यासारखं काही नाही, त्यात ग्राहकाचं बरोबरच असतं.

तिसऱ्या जातीला व्यापारात ‘फ्रेंडली फ्रॉड’ म्हणतात. माल मिळालेला असतो, व्यवहार स्वतःच केलेला असतो आणि तरीही बँकेला ‘मी केलाच नाही’ किंवा ‘मिळालंच नाही’ असं सांगितलं जातं. कधी घरातल्या मुलाने केलेली खरेदी ओळखू येत नाही, कधी स्टेटमेंटवर दुकानाच्या नावाऐवजी भलत्याच कंपनीचं नाव छापलेलं असतं. त्यात खोटेपणा नसतो, गैरसमज असतो. पण विक्रेत्याला रिटर्नची विनंतीही न करता थेट बँकेत जाणं, वस्तू वापरत राहणं आणि पैसेही मागून घेणं, ही उघड फसवणूक आहे.

‘मी केलाच नाही’ या तक्रारीवर भारतात एक भिंत आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना पासवर्डची दुसरी पायरी सक्तीची केली. पुढे तिथे ओटीपी आला. नेटवर्कच्या पद्धतीने अशी पडताळणी झाली, तर चोरीच्या तक्रारीचं नुकसान सहसा कार्ड देणाऱ्या बँकेवर जातं. परदेशी बँकांच्या कार्डांना ही सक्ती लागू नाही. ‘मिळालं नाही’ आणि ‘वर्णनाप्रमाणे नाही’ या तक्रारींना तर ओटीपी कुठल्याच देशात अडवत नाही.

व्हिसाने एप्रिल २०२३मध्ये पुराव्याचे नवे नियम लागू केले. त्याच कार्डावर १२० ते ३६५ दिवसांपूर्वी त्याच विक्रेत्याकडे किमान दोन निर्वेध व्यवहार झाले असतील आणि आयपी पत्ता किंवा उपकरण यांसारखे तपशील जुळत असतील, तर ‘मी केलाच नाही’ हा दावा टिकत नाही. नियम चांगला आहे. तो कामाला येतो वारंवार येणाऱ्या ग्राहकाच्या बाबतीत. लग्नासाठी आयुष्यात एकदा पैठणी घेणाऱ्या माणसाचे मागचे दोन व्यवहार कुठून आणायचे?

धूपछाँव रंगाचा खटला

विक्रेत्याला सगळ्यात जड जाते ती ‘वर्णनाप्रमाणे नाही’ ही तक्रार. पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घेतला की धूपछाँव रंग येतो. उजेड बदलला की साडी वेगळी दिसते. हा तिचा गुण आहे. फोटोत त्यातला एकच रंग येतो. ग्राहकाने दुसऱ्या उजेडात साडी उघडली आणि ‘रंग वेगळा’ म्हटलं, तर तो खोटं बोलतोय असंही म्हणता येत नाही. हातमागावर काठाला जरा वेडंवाकडं येतं, ती हाताच्या कामाची खूण. अस्सल पैठणीचा पदर मागच्या बाजूनेही पुढच्यासारखाच सफाईदार दिसतो, ही तिची परीक्षा. तक्रार तपासणाऱ्या बँकेच्या माणसाला यातलं काही ठाऊक नसतं. त्याच्यापुढे दोन फोटो आणि एक अर्ज असतो. म्हणून हाताने केलेल्या वस्तूच्या विक्रेत्याने हे सगळं आधीच, विक्रीच्या पानावर, लिहून ठेवायला हवं : दोन उजेडांतले फोटो, मागच्या बाजूचा फोटो, सिल्क मार्कचं लेबल आणि ‘हातमागामुळे असे फरक असतात’ हे वाक्य.

परदेशी ग्राहकांसाठी अनेक भारतीय विक्रेते पेपाल वापरतात. भारतातले देशांतर्गत व्यवहार त्या कंपनीने १ एप्रिल २०२१पासून थांबवले, परदेशातून येणारे पैसे मात्र तिथे घेता येतात. तिथे ग्राहकाला तक्रारीसाठी १८० दिवस असतात. विक्रेत्यासाठी संरक्षण योजना आहे, पण ती ‘व्यवहार माझा नाही’ आणि ‘माल मिळाला नाही’ या दोन तक्रारींपुरती. व्यवहारात नोंदवलेल्या पत्त्यावरच माल पाठवलेला हवा आणि ७५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या रकमेला पोचल्याची सही हवी. ग्राहकाने चॅटवर ‘दुसऱ्या पत्त्यावर पाठवा’ म्हटलं आणि विक्रेत्याने भलेपणाने ऐकलं, की संरक्षण गेलं. ‘वर्णनाप्रमाणे नाही’ ही तक्रार या योजनेत मुळातच नाही.

विक्रेत्याचा आवाज कसा कमी होत गेला, याचं एक जुनं उदाहरण ईबे या ऑनलाइन बाजाराचं आहे. तिथे ग्राहक आणि विक्रेता एकमेकांना शेरे देत असत. २००८मध्ये ईबेने विक्रेत्यांना ग्राहकांबद्दल वाईट शेरा देण्यास बंदी केली. काही विक्रेते सूड म्हणून शेरे देत होते, तेव्हा निर्णयाला कारण होतं. पण त्याबरोबर खोटी तक्रार करणाऱ्या ग्राहकाची पुढच्या विक्रेत्याला खबर देण्याचा मार्गही बंद झाला.

आपल्याकडचं रिटर्नचं पार्सल

भारतातल्या बाजारात वाद बहुधा बँकेपर्यंत जात नाही, तो रिटर्नमध्येच होतो. अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो यांच्यावर माल विकणारा कोणताही सेलर ही यादी घडाघडा म्हणून दाखवेल : नवा कुर्ता गेला, घातलेला परत आला. खोक्यात मोबाइल गेला, साबणाची वडी परत आली. कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर दारात नाकारली गेली आणि पार्सल न उघडताच माघारी आलं. सेलर त्याला आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन) म्हणतात. त्यात विक्री शून्य होते, पॅकिंगचा खर्च वाया जातो आणि माल दोन-तीन आठवडे वाटेत अडकतो.

या कंपन्यांनी विक्रेत्यांसाठी भरपाईच्या वाटा ठेवल्या आहेत. अ‍ॅमेझॉनवर सेफ-टी क्लेम आहे, फ्लिपकार्टवर सेलर प्रोटेक्शन फंड आहे. महाग वस्तूंसाठी दारातच खोकं उघडून दाखवण्याची पद्धतही सुरू झाली आहे आणि ती दोन्ही बाजूंना न्याय देणारी आहे. तरी भरपाईचा दावा ठरावीक दिवसांत, ठरावीक नमुन्यात, व्हिडिओसह करावा लागतो. म्हणूनच आज घरगुती विक्रेत्याच्या टेबलावर चिकटपट्टीशेजारी मोबाइलचा स्टँड असतो. माल भरताना चित्रीकरण, परत आलेलं पार्सल उघडताना चित्रीकरण.

यूपीआय आणि गोठलेलं खातं

यूपीआय २०१६मध्ये आलं आणि फळवाल्यापासून विणकरापर्यंत सगळ्यांच्या हाती पोचलं. त्यातही चार्जबॅक आहे, पण राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, त्याला मर्यादा घातली आहे. डिसेंबर २०२४पासून एका ग्राहकाला तीस दिवसांत दहा आणि एकाच देणाऱ्या-घेणाऱ्या जोडीत पाच, याच्या पुढचे दावे यंत्रणा आपोआप नाकारते. जुलै २०२५पासून बँकेला असा नाकारलेला दावा खरा वाटला, तर तो ती पुन्हा मांडू शकते. खऱ्या तक्रारीला वाट ठेवून सवयीच्या तक्रारखोराला अडवणारी ही रचना आहे, आणि कार्डांच्या जगानेही तिच्याकडे पाहावं.

यूपीआयवरचं मोठं संकट दुसरीकडून येतं. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आणि राष्ट्रीय पोर्टल आहे. तिथे तक्रार झाली की पैसा ज्या खात्यांतून फिरला, त्यांवर पोलिसांच्या सांगण्यावरून बँका बंदी घालतात. फसवून मिळवलेल्या पैशांतून चोराने तुमच्याकडून आंब्याची पेटी घेतली, तर ते दीड हजार रुपये तुमच्या खात्यात चोरीचे म्हणून नोंदले जातात. कधी बंदी त्या रकमेवर येते, कधी अख्खं खातं गोठतं आणि त्यात मुलाची फी, मजुरांची मजुरी, पुढच्या मालाचे पैसे सगळंच अडकतं. तक्रार भलत्याच राज्यात नोंदलेली असते. केरळ उच्च न्यायालयाने २०२३मध्ये अशा अनेक याचिकांत बंदी वादातल्या रकमेपुरतीच ठेवण्याचं धोरण घेतलं. बळी पडलेल्याचे पैसे वाचवायला ही यंत्रणा हवीच. पण ज्याने माल दिला आणि त्याचे पैसे घेतले, त्याला चोराच्या रांगेत उभं करणं अन्याय आहे.

कागद जपावा तर कसा

आजच्या नियमांत टिकायचं तर विक्रेत्याला पुरावा वाद होण्याआधीच जमवावा लागतो. बिल, ऑर्डरची प्रत, पॅकिंगचा व्हिडिओ, कुरिअरच्या पावतीवरचं वजन, ट्रॅकिंग नंबर, पोचल्याची सही किंवा ओटीपी : हे सगळं ऑर्डर नंबराच्या नावाने एका फोल्डरमध्ये ठेवावं आणि किमान सहा महिने पुसू नये. वजनाला फार महत्त्व आहे. ‘खोकं रिकामं होतं’ असा दावा असेल आणि पावतीवर सातशे ग्रॅम छापलेले असतील, तर ती पावतीच बोलते.

ग्राहकाशी बोलणं शक्यतो ज्या मंचावर विक्री झाली तिथेच लेखी ठेवावं. गेटवेला सांगून बँकेच्या स्टेटमेंटवर दुकानाचं ओळखू येईल असं नाव छापून घ्यावं. ‘चुकून जास्त पैसे आले, फरक दुसऱ्या खात्यावर परत करा’ असा निरोप आला तर तो सापळा समजावा. रिफंड ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने द्यावा. चार्जबॅक सुरू झाल्यावर स्वतंत्र रिफंड देऊ नये, नाहीतर तेच पैसे दोनदा जातात. उत्तर लिहिताना राग बाजूला ठेवावा आणि तक्रारीच्या कारणालाच उत्तर द्यावं. ‘मिळालं नाही’ला पोचल्याचा पुरावा लागतो, ‘वर्णनाप्रमाणे नाही’ला वर्णन आणि वस्तू यांची जोडी. आणि चूक आपली असेल, तर ग्राहक बँकेत जाण्याआधीच पैसे परत करावेत. त्यात नुकसान कमी आहे आणि सचोटीही आहे.

दाद कुठे मागायची

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि त्याखालचे २०२०चे ई-कॉमर्स नियम ग्राहकासाठी आहेत. त्यांनी ग्राहकाच्या तक्रारीची अठ्ठेचाळीस तासांत पोच आणि महिन्यात निवारण बंधनकारक केलं. विक्रेत्याच्या तक्रारीला अशी मुदत त्यात नाही. व्यापारी हेतूने घेतलेली सेवा ग्राहक आयोगाच्या कक्षेबाहेर धरली जाते, त्यामुळे तिथलं दार विक्रेत्याला जेमतेमच उघडतं. बँकेने चूक केली आणि तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत विनाशुल्क दाद मागता येते. उघड फसवणूक असेल तर भारतीय न्याय संहितेचं ३१८वं कलम आहे. ग्राहक परदेशात असला, की हे सगळे रस्ते व्यवहारात संपतात.

म्हणून सुधारणा नियमांतच व्हायला हवी. ग्राहकाने काय लिहिलं आणि कोणते फोटो दिले, ते विक्रेत्याला पूर्ण दिसावं. ‘माल वर्णनाप्रमाणे नाही’ म्हणणाऱ्याने माल परत पाठवल्याचा पुरावा दिल्याशिवाय पैसे कायमचे वळते होऊ नयेत. विक्रेता जिंकलेली तक्रार त्याच्या प्रमाणात मोजली जाऊ नये. छोट्या रकमांचा धोका मंचांनी स्वतः उचलावा. एट्सी या विक्रीमंचाने २०२२पासून अटी पाळणाऱ्या विक्रेत्यांसाठी २५० डॉलरपर्यंतच्या ऑर्डरींत तसं केलं आहे, तेव्हा हे अशक्य नाही. आणि भारतातल्या गेटवेंनी तक्रारीची सूचना विक्रेत्याच्या भाषेत द्यावी.

ही शेवटची मागणी किरकोळ वाटेल, पण येवल्याच्या त्या घरात ईमेल आला तेव्हा काय होतं ते पाहा. माग थांबतो. कॉलेजला जाणारी मुलगी रात्री आकडा शोधून त्याचा अर्थ लावते, वडिलांना विचारून ताण्या-बाण्याचे रंग लिहून घेते, पदराच्या मागच्या बाजूचा फोटो जोडते आणि मुदत संपायच्या आत इंग्रजीत उत्तर पाठवते. ते उत्तर कुणीतरी माणसाने पुरतं वाचावं आणि निकाल विरुद्ध गेला, तरी का गेला ते चार ओळींत लिहून कळवावं, एवढं मागायचा तिला हक्क आहे. ग्राहकाला पन्नास वर्षांपूर्वी तो मिळाला.